पाण्यामागे धावलेली डाक

गुरुवार, १६ सप्टेंबर १८५८. सकाळी आठ वाजता मिसुरी राज्यातल्या सेंट लुईस शहरातून एक आगगाडी पश्चिमेकडे निघाली. तिच्यात पन्नाशी ओलांडलेले एक गृहस्थ टपालाच्या पिशव्या सांभाळत बसले होते. त्यांचं नाव जॉन बटरफील्ड. तरुणपणी न्यूयॉर्क राज्यात घोडागाडी हाकणारा हा माणूस पुढे डाकगाड्यांच्या कंपन्यांचा मालक झाला, अमेरिकन एक्स्प्रेसच्या संस्थापकांपैकी एक झाला. आणि आता त्या पिशव्या पंचवीस दिवसांच्या आत सॅन फ्रान्सिस्कोला पोचवण्याचा सरकारी करार त्यांनी अंगावर घेतला होता. आगगाडीची सोबत फक्त टिप्टन गावापर्यंत, म्हणजे १६० मैल. रूळ तिथेच संपत होते. पुढचा सगळा रस्ता घोड्यांचा आणि खेचरांचा.

हा मार्ग एकूण सुमारे २,८०० मैलांचा, म्हणजे ४,५०० किलोमीटरचा होता. मुंबईहून कोलकात्याला रेल्वेने जाऊन परत यावं आणि तरीही पाचशे-साडेपाचशे किलोमीटर उरावेत, एवढा. पंचवीस दिवसांचे तास होतात सहाशे. साध्या भागाकारानं वेग निघतो ताशी साडेसात किलोमीटर. आकडा ऐकून कोणी दचकणार नाही, कारण रमतगमत सायकल चालवणारा माणूसही याहून वेगानं जातो. पण हा वेग सहाशेच्या सहाशे तास टिकवायचा होता. रात्री, पावसात, वाळूत, नदी ओलांडताना, घोडे बदलताना, जेवताना. गाडी मुक्कामाला थांबणारच नव्हती. मला या डाकेचं सर्वांत मोठं नवल वाटतं ते इथे. थकणाऱ्या, झोपणाऱ्या, तहानेनं मरणाऱ्या जिवांना एकापुढे एक उभं करून न थकणारी एक गोष्ट घडवायची होती.

हे सगळं कशासाठी, तर पत्रांसाठी. १८४८ साली कॅलिफोर्नियात सोनं सापडलं, लाखो माणसं तिकडे धावली आणि १८५० मध्ये कॅलिफोर्निया अमेरिकेचं राज्यही झालं. पण ते राज्य आणि उरलेला देश यांच्यामध्ये वाळवंटं, पर्वत आणि मूळ रहिवाशांचे विस्तीर्ण प्रदेश होते. घरच्यांची पत्रं समुद्रमार्गे यायची: न्यूयॉर्कहून जहाजानं पनामाला, तिथली चिंचोळी पट्टी ओलांडून पुन्हा जहाजानं सॅन फ्रान्सिस्कोला. समुद्रही काही भरवशाचा नव्हता. सप्टेंबर १८५७ मध्ये 'सेंट्रल अमेरिका' नावाचं जहाज वादळात बुडालं. कॅलिफोर्नियाचं कित्येक टन सोनं आणि चारशेहून जास्त माणसं तळाला गेली. त्या बुडालेल्यांत जेम्स बर्च होता. त्याच उन्हाळ्यात त्यानं टेक्सासमधल्या सॅन अँटोनिओपासून सॅन डिएगोपर्यंत जमिनीवरून डाक सुरू केली होती. वाटेतल्या वाळवंटात गाडी चालत नसे, तेव्हा टपाल आणि प्रवासी खेचरांच्या पाठीवरून जात. खुष्कीचा मार्ग उघडणारा माणूस समुद्रात गेला, आणि जहाज बुडाल्यानंतर चौथ्याच दिवशी बटरफील्ड यांच्या मोठ्या करारावर सह्या झाल्या.

करार सहा वर्षांचा होता. वर्षाला सहा लाख डॉलर मिळणार आणि आठवड्यातून दोनदा दोन्ही दिशांनी डाक जाणार. मार्ग कोणता, यावर मात्र तेव्हाही भांडणं झाली आणि इतिहासकारांत आजही चर्चा चालते. नकाशावर सेंट लुईस आणि सॅन फ्रान्सिस्को यांच्यात सरळ रेघ काढली, तर ती रॉकी पर्वतातून जाते. ठरलेला मार्ग मात्र खाली दक्षिणेला झुकत आर्कान्सा, टेक्सास, एल पासो, टूसॉन, युमा असा वळसा घेऊन लॉस एंजेलिसला पोचायचा आणि तिथून पुन्हा वर चढायचा. बैलाच्या जुवाखालच्या वाकड्या लाकडासारखा दिसतो म्हणून उत्तरेकडची वर्तमानपत्रं त्याची टर उडवत. पोस्टमास्तर जनरल ॲरन ब्राउन हे दक्षिणेतल्या टेनेसीचे. मेम्फिस हे त्यांच्याच राज्यातलं शहर, आणि डाकेची दुसरी शाखा बरोबर मेम्फिसहून निघून आर्कान्सातल्या फोर्ट स्मिथला मुख्य मार्गाला मिळत होती. राजकारण होतंच, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण रॉकी पर्वतातून जाणाऱ्या मधल्या मार्गावर हिवाळ्यात बर्फानं खिंडी बुजायच्या, हेही तितकंच खरं. दक्षिणेत बर्फ नव्हता. दक्षिणेत अडचण होती ती पाण्याची, आणि बटरफील्ड यांच्या माणसांचं वर्ष सगळं त्या एका प्रश्नाभोवती गेलं.

वर्षभरात त्यांनी काय केलं ते पाहिलं की मन थक्क होतं. करारानुसार १६ सप्टेंबर १८५७ पासून बारा महिन्यांत डाक सुरू व्हायला हवी होती. त्याआधी या मार्गाचे बरेच तुकडे म्हणजे जुन्या पायवाटा, सैन्याच्या वाटा, किंवा काहीच नाही, असे होते. टूसॉनच्या बाजूची जमीन तर अमेरिकेनं मेक्सिकोकडून नुकतीच, १८५३-५४ च्या सुमारास विकत घेतलेली. पाहणी करणाऱ्यांनी वाट ठरवली, चढ-उतार कापून काढले, नद्यांचे उतार शोधले, विहिरी खणल्या. आणि मुख्य म्हणजे ठाणी बांधली. सुरुवातीला १३९, पुढे ती वाढत दोनशेच्या घरात गेली.

ठाण्यांमधलं अंतर माणसाच्या सोयीनं ठरत नव्हतं. भरलेली गाडी ओढत दौडणारा घोडा पंधरा-वीस मैलांनंतर दमतो. म्हणून साधारण तेवढ्या अंतरावर ताजी जनावरं उभी असायला हवीत. जनावरं उभी करायची तर त्यांना चारा-दाणा हवा, आणि वाळवंटात चारा उगवत नाही, तेव्हा तो वेगळ्या गाड्यांनी वाहून आणायचा. त्या गाड्या ओढणाऱ्या जनावरांनाही पुन्हा चारा आणि पाणी हवं. जिथे झरा नाही तिथे हौद बांधून टाक्यांच्या गाड्यांनी पाणी भरायचं. एका पत्रासाठी हे केवढं लांबलचक गणित! झरा जिथे आहे तिथे ठाणं, आणि जिथे ठाणं आहे तिथून रस्ता. नकाशातली प्रत्येक वाकडी रेघ कुठल्या ना कुठल्या झऱ्याकडे वळलेली आहे. डाकगाडीची चित्रं आपण सिनेमात पाहिली आहेत. धुरळा, दौडणारे घोडे, चाबूक. ज्या माणसानं आदल्या महिन्यात मक्याची पोती आणून ठेवली, त्याचं चित्र कोणी काढलं नाही. माझ्या मते या डाकेचा खरा नायक तो आहे.

गाड्यांचाही विचार तसाच झालेला होता. वस्तीच्या भागात, म्हणजे दोन्ही टोकांना, न्यू हॅम्पशायरमध्ये बनणाऱ्या प्रसिद्ध कॉन्कर्ड गाड्या धावत. या गाडीचा सांगाडा पोलादी कमानींवर नसून चामड्याच्या जाड, अनेकपदरी पट्ट्यांवर टांगलेला असे. खड्ड्यात चाक आदळलं की गाडी उसळण्याऐवजी पुढे-मागे झुलायची. माणसाची हाडं वाचायचीच, पण धक्का थेट घोड्यांच्या खांद्यावरही येत नसे, आणि हा दुसरा फायदा कंपनीला जास्त मोलाचा होता. मात्र ही गाडी जड. पश्चिमेच्या वाळूत आणि डोंगरांत तिच्याऐवजी बटरफील्ड यांनी 'सेलेरिटी वॅगन' नावाची हलकी, बुटकी गाडी वापरली. तिला वर कॅनव्हासचं छत आणि बाजूंना पडदे. आतल्या बाकांच्या पाठी पाडल्या की झोपण्यासारखी जागा व्हायची, आणि प्रवाशांनी त्यावर आळीपाळीनं पाठ टेकायची.

गाडीवर दोन माणसं असत. गाडीवान ठरावीक टप्पाच हाकायचा आणि परतीच्या गाडीनं मागे यायचा. त्यामुळे त्याला आपल्या पट्ट्यातला दगड न् दगड अंधारातही पाठ असे. दुसरा कंडक्टर. टपाल, प्रवासी आणि वेळ यांची जबाबदारी त्याची. ठाणं मैल-दोन मैलांवर आलं की तो कर्णा फुंकायचा, म्हणजे तिथली माणसं साज चढवून जनावरं बाहेर काढून ठेवत. बटरफील्ड यांचा एक नियम फार शहाणपणाचा होता. गाडीतून सोनं-चांदी न्यायची नाही. लुटण्यासारखं काही नसेल तर लुटारू वाट अडवणार नाहीत, हा त्यामागचा विचार.

अर्ध्या औंसाच्या पत्राला दहा सेंट पडत. पूर्ण प्रवासाचं माणसाचं भाडं सुरुवातीला पश्चिमेकडे जाताना दोनशे डॉलर होतं आणि सोबत चाळीस पौंड सामान फुकट. जेवणाचे पैसे वेगळे.

पहिल्याच फेरीत असा दोनशे डॉलरचा पूर्ण प्रवास करणारा एकच प्रवासी होता. वॉटरमन ऑर्म्सबी, वय तेवीस, 'न्यूयॉर्क हेरल्ड'चा बातमीदार. तो वाटेतून मजकूर लिहून पाठवत राहिला, म्हणून आज आपल्याला ही फेरी जवळजवळ डोळ्यांसमोर घडल्यासारखी दिसते. टिप्टनला आगगाडीतून उतरवलेलं टपाल घोडागाडीत चढवून निघायला नऊ मिनिटं लागली, हे त्यानं घड्याळ पाहून नोंदवलं आहे. तिथून लगाम हाती घेतले ते बटरफील्ड यांच्या मुलानं. थोरले बटरफील्ड फोर्ट स्मिथपर्यंत सोबत होते.

फोर्ट स्मिथच्या पलीकडे चोक्टॉ आणि चिकसॉ लोकांचा मुलूख लागायचा. तिथली ठाणी बहुतेक त्यांच्यातलेच लोक चालवत. रेड नदीवर बेंजामिन कोलबर्ट या चिकसॉ गृहस्थाची नाव होती, आणि ती बांबूसारख्या लांब काठ्यांनी रेटत पैलतीराला नेणारी माणसं त्याची गुलाम होती. अमेरिकेतला १८५८ सालचा प्रवास होता हा. देश जोडणारी डाक ज्या हातांनी नदी पार करत होती, ते हात स्वतंत्र नव्हते, आणि हे वाचताना नजर पुढच्या ओळीवर चटकन सरकू नये असं वाटतं.

टेक्सासमध्ये खेचरांचं राज्य सुरू झालं. कित्येक खेचरं अगदी रानटी, साज न पाहिलेली. एकेकाला फास टाकून धरायचं, डोळे-तोंड सांभाळत जुंपायचं, यातच वेळ जाई. फोर्ट चॅडबोर्नला तर जुंपलेल्या खेचरांनी असा धिंगाणा घातला की गाडीचं छत मोडून पडलं. तशीच बोडकी गाडी घेऊन डाक पुढे निघाली. यानंतर होता कोंचो नदीचा उगम ते पेकॉस नदी हा पट्टा. सत्तरहून जास्त मैल, आणि थेंबभरही पाणी नाही. पहिल्या फेरीच्या वेळी इथे एकही ठाणं झालेलं नव्हतं. मग मंडळींनी मोकळ्या खेचरांचा एक कळपच गाडीबरोबर हाकत नेला. जुंपलेली दमली की कळपातली दुसरी धरून जुंपायची. म्हणजे ठाणंच जणू सोबत चालवलं. पेकॉसच्या ज्या उतारावर ही वाट पोचते त्याचं नाव हॉर्सहेड क्रॉसिंग, कारण तिथे घोड्या-खेचरांच्या कवट्या विखुरलेल्या असायच्या. दिवसचे दिवस तहानलेली जनावरं धावत त्या खारट पाण्यावर तुटून पडत आणि तिथेच मरत. तिथून एल पासोपर्यंत हेन्री स्किलमन नावाच्या जुन्या, कसलेल्या डाकवाल्यानं गाडी हाकली. जवळपास चार दिवस आणि चार रात्री.

वाटेत ग्वाडालूप पर्वताच्या पायथ्याशी, साडेपाच हजार फुटांच्या उंचीवर, पायनरी नावाचं ठाणं होतं. चुनखडीच्या दगडांच्या उंच भिंती, आत झऱ्याचं पाणी, भोवती पाइनची झाडं. २८ सप्टेंबरला ते ठाणं सोडून गाडी घाटात उतरत असताना समोरून दुसरी गाडी आली. सॅन फ्रान्सिस्कोहून निघालेली, पूर्वेकडे जाणारी पहिली डाक. दोन्हीकडची माणसं कोणाशीही संपर्क नसताना हजारभर मैलांवरून आली होती. तारायंत्र तिथे नव्हतं. सुटण्याच्या दिवशी ठरलेल्या वेळापत्रकाखेरीज त्यांना बांधणारं काही नव्हतं. समोरच्या गाडीचा धुरळा दिसला, तेव्हाच या माणसांना पहिल्यांदा कळलं की संपूर्ण रस्ता चालू आहे.

१० ऑक्टोबरला, रविवारी पहाटेनंतर गाडी सॅन फ्रान्सिस्कोच्या फरसबंदी रस्त्यांवर खडखडत शिरली. लोक वळून पाहत राहिले. पोस्टाच्या दाराशी थांबून कर्णा वाजवला, हाका मारल्या, पण रविवार असल्यानं दार उघडायला कोणी येईना. ऑर्म्सबीला ती मिनिटं दिवसांसारखी वाटली. अखेर माणूस आला, त्यानं पिशव्या घेतल्या, तेव्हा बरोबर साडेसात वाजले होते. तेवीस दिवस आणि साडेतेवीस तास. पूर्वेकडे निघालेली डाक आदल्याच दिवशी सेंट लुईसला पोचली होती. राष्ट्राध्यक्ष ब्युकॅनन यांनी बटरफील्ड यांना तारेनं अभिनंदन कळवलं.

बातमीदार तरुण होता आणि गाडीत जागा मोकळी होती. गाडी भरलेली असली की हा प्रवास काय असे, हे राफाएल पंपेली या भूगर्भशास्त्रज्ञानं लिहून ठेवलं आहे. तो १८६० साली ॲरिझोनाकडे निघाला. तीन बाकांवर नऊ माणसं. पुढच्या आणि मधल्या बाकावरचे सहाजण समोरासमोर, गुडघ्यांत गुडघे अडकवून. बारा पायांपैकी दहांनाच आत जागा, म्हणून दोन्ही बाजूंनी एकेक पाय बाहेर चाकाजवळ लोंबकळत असे. रात्रंदिवस हे. झोप नाही म्हणून माणसं भ्रमिष्ट होत. पंपेलीचंही शेवटी भान हरपलं. पिस्तुलाच्या आवाजानं तो जागा झाला तेव्हा एका गर्दीच्या खोलीत जमिनीवर पडलेला होता आणि शेजारी जुगाराच्या टेबलाभोवती भांडण जुंपलं होतं. टूसॉन आलं होतं. मिळेल त्या पहिल्या खोलीत शिरून तो बारा तास झोपला होता. पत्राला झोप लागत नाही, माणसाला लागते. ही डाक मुळात पत्रांसाठी आखली होती आणि माणसं तिच्यावर फक्त बसत होती.

ठाण्यांवर राहणाऱ्यांचं आयुष्य तर त्याहून कठीण. आजच्या ॲरिझोनातल्या ड्रॅगून स्प्रिंग्ज इथे, पहिली डाक सुटण्याच्या आठवडाभर आधी, दगडी ठाण्याचं बांधकाम चालू होतं. ८ सप्टेंबरच्या रात्री तिथल्याच तीन मजुरांनी झोपलेल्या सहकाऱ्यांवर कुऱ्हाडी चालवल्या. सायलस सेंट जॉन या कर्मचाऱ्याचा डावा हात जवळजवळ तुटला, मांडीवरही घाव बसला. तरी त्यानं हल्लेखोरांना पळवून लावलं. मग चार दिवस तो तिथे पडून राहिला. मेलेले आणि मरत असलेले सोबती शेजारी, रात्री भोवती लांडगे, आणि पाणी नाही. ठाण्याला ज्या झऱ्याचं नाव होतं तो वर डोंगरातल्या घळीत होता आणि त्याला तिथवर जाणं शक्य नव्हतं. अखेर वाटसरूंना तो सापडला, फोर्ट ब्युकॅननचे लष्करी डॉक्टर बर्नार्ड अर्विन आले आणि त्यांनी खांद्यापासून हात कापला. सेंट जॉन वाचला. त्याच ठाण्यावरून काही आठवड्यांतच डाक वेळेवर जाऊ लागली.

त्याच डॉक्टर अर्विन यांचं नाव पुढे एका वेगळ्याच कथेत येतं. ड्रॅगून स्प्रिंग्जच्या पूर्वेला अपाची खिंड आहे. तिथला झरा बारमाही, आणि तो चिरिकावा अपाचींच्या मुलखात. डाकेचं ठाणं तिथे टिकलं ते कोचीस या त्यांच्या नायकाशी समजूत होती म्हणून. त्याचे लोक ठाण्याला जळाऊ लाकूड पुरवत आणि गाड्या खिंडीतून जात. जानेवारी १८६१ मध्ये एका शेतावरून मुलगा पळवला गेला. तो दुसऱ्याच टोळीनं नेला होता, पण लेफ्टनंट जॉर्ज बास्कम यांनी आळ कोचीसवर घेतला. बोलणी करण्यासाठी कोचीस आपल्या घरच्यांना घेऊन आला, तेव्हा त्याला तंबूत अडकवण्याचा प्रयत्न झाला. तो तंबू फाडून निसटला, पण त्याचे नातलग सैन्याच्या हाती राहिले. कोचीसनं अदलाबदलीसाठी डाक कंपनीच्या जेम्स वॉलेस या माणसाला आणि आणखी काहींना धरलं. बोलणी फिसकटली. त्यानं ओलीस मारले, आणि सैन्यानं त्याच्या भावासह सहा अपाचींना फाशी दिलं. त्यांतले तिघे वाटेत पकडून आणणारे तुकडीप्रमुख म्हणजे हेच अर्विन. वॉलेस कोचीसच्या ओळखीचा होता. जे ठाणं दोन वर्षं लाकडाच्या मोळ्यांवर आणि दिलेल्या शब्दावर चाललं, ते दोन आठवड्यांत युद्धभूमी झालं. हे युद्ध १८७२ पर्यंत चाललं. पाणी ज्यांचं होतं, त्यांची संमती हा या डाकेच्या गणितातला सर्वांत महत्त्वाचा आकडा होता, असं मला वाटतं. तो कुठल्याही करारात लिहिलेला नव्हता.

डाक तशीही संपत आली होती. कर्जापायी आणि भागीदारांच्या वादात बटरफील्ड यांना मार्च १८६० मध्येच बाजूला व्हावं लागलं आणि कंपनीवर वेल्स फार्गो या दुसऱ्या कंपनीचं वर्चस्व आलं. वर्षभरात टेक्सास अमेरिकेतून फुटून निघालं. मार्च १८६१ मध्ये काँग्रेसनं दक्षिणेची डाक बंद करून मधल्या मार्गावर हलवली. पहिल्या गाडीपासून जेमतेम अडीच वर्षं झाली होती. त्याच ऑक्टोबरात तारायंत्रानं दोन्ही किनारे जोडले.

ठाणी ओस पडली, पण झरे होते तिथेच राहिले, आणि यादवी युद्धातली दोन्ही सैन्यं त्याच वाटेनं, त्याच पाण्यावर चालली. जुलै १८६२ मध्ये कॅलिफोर्नियाहून निघालेल्या सैनिकांना अपाची खिंडीतल्या झऱ्यासाठी कोचीस आणि मांगास कोलोरादास या अपाची नायकांशी लढावं लागलं. मग त्या झऱ्यावर पहारा ठेवायला फोर्ट बोवी हा किल्ला उभा राहिला. १८८० साली सदर्न पॅसिफिक रेल्वे टूसॉनला आली, तीही बरंच अंतर जुन्या डाकेच्या वाटेजवळून. वाफेच्या इंजिनालाही ठरावीक मैलांवर पाणी भरावं लागे. फक्त अपाची खिंडीचा चढ तिला झेपणारा नव्हता, म्हणून तेवढ्यापुरते रूळ उत्तरेनं वळले.

जानेवारी २०२३ मध्ये या संपूर्ण वाटेला अमेरिकेत राष्ट्रीय ऐतिहासिक मार्गाचा दर्जा मिळाला. पायनरीच्या दगडी भिंतींचे अवशेष ग्वाडालूपच्या राष्ट्रीय उद्यानात पाहता येतात. फोर्ट बोवीला मात्र गाडी दारापर्यंत जात नाही. दीड मैल पायवाटेनं चालावं लागतं, आणि त्या वाटेत आधी डाकेच्या ठाण्याचा पाया लागतो, मग झरा.